देवगिरीची अखेर आणि नाण्यांची साक्ष
(सुवर्णमहोत्सवानिमित्त लाखांदूर येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



रामटेकच्या शांतिनाथ भगवंतांचे दर्शन या परिसरातील श्रावकांना नवे नाही. तेथील गडावर, लक्ष्मण मंदिरात, देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या काळातील शिलालेख आहे. वैनगंगेच्या मुलखाशी यादवांचे नाते असे दगडावर कोरलेले आहे. त्या राजवटीच्या अखेरीची साक्ष मात्र नाणी देतात.

यादवांचे सुवर्णनाणे म्हणजे पद्मटंक. वजन सुमारे ३.५ ते ३.८ ग्रॅम; मधोमध अष्टदल कमळ, भोवती श्रीकार, शंख व राजाचे नाव; मागील बाजू कोरी. सिंघण, कृष्ण, महादेव आणि रामचंद्र यांचे पद्मटंक उपलब्ध आहेत.

इ.स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी करून अगणित संपत्ती नेली. पुढे मलिक काफूरच्या स्वारीनंतर रामचंद्रदेव दिल्लीचा मांडलिक झाला. त्याचा पुत्र शंकरदेव लढाईत मारला गेला. हिजरी ७१४, म्हणजे इ.स. १३१४-१५ मधील अल्लाउद्दीनच्या सुवर्णटंक्यावर टांकसाळीचे नाव आहे ‘किला देवगीर’. दुर्ग तोच, पण नाण्यावरचे कमळ गेले आणि अरबी अक्षरे आली. इ.स. १३१८ च्या सुमारास हरपालदेवाच्या वधाने यादवसत्ता संपली.

याच सुमारास, विक्रम संवत १३७५ मध्ये, दिल्लीच्या टांकसाळीतील अनुभवी जैन श्रावक ठक्कुर फेरू यांनी ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ प्राकृतात रचला. सोने-चांदी शुद्ध करण्याच्या रीती आणि निरनिराळ्या राज्यांच्या नाण्यांचे वजन, धातू व मोल त्यांनी नोंदवले. नाणे कोणत्या राजाचे, तो जिंकला की हरला, यापेक्षा त्यात शुद्ध धातू किती, हे त्यांनी पाहिले. सत्याणुव्रताचे व्यवहारातील रूप याहून वेगळे काय असणार? भट्टीत राजाचे नाव वितळते. प्रामाणिक नोंद उरते.

ती नोंदही हरवण्याच्या बेतात होती. नाहटा कुटुंबातील अभ्यासकांना हस्तलिखित सापडले आणि १९६१ मध्ये मुनी जिनविजयजींच्या संपादनाखाली ते जोधपूरहून प्रकाशित झाले.

म्हणून सराफीच्या पेढीवर जुने नाणे आले, तर ते मुशीत जाऊ नये. शेतात सापडलेल्या निधीची माहिती १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. जुन्या वह्या आणि पोथ्याही रद्दीत जाऊ नयेत. सोन्याचा भाव रोज ठरतो. वितळलेली साक्ष पुन्हा घडत नाही.

जय जिनेंद्र!