ॲटॅक नाही, हे किती लवकर सांगता येते?

छातीत दुखू लागले की आपला माणूस आधी सोडा पितो, मग ओवा चावतो आणि घरचे फारच मागे लागले तर कॅज्युअल्टीत येतो. तिथे पहिल्या १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा. त्यात धमनी पूर्ण बंद झाल्याच्या खुणा दिसल्या तर प्रश्नच मिटला, पेशंट थेट कॅथलॅबमध्ये जातो. मला आज बोलायचे आहे ते ईसीजी ठीक आलेल्यांबद्दल. त्यांतल्या बहुतेकांना ॲटॅक नसतोच. काहींना मात्र असतो, आणि ते कोण हे चेहरा पाहून कळत नाही.

हृदयाच्या स्नायूपेशी मरू लागल्या की त्यांतले ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते. उतरते ते हळूहळू, आणि बरेच साठल्याखेरीज जुन्या चाचण्यांना दिसत नसे. म्हणून, जिथला अभ्यास मी पुढे सांगणार आहे त्या स्कॉटलंडमधल्या रुग्णालयांत रिवाज असा होता: आल्याबरोबर एकदा रक्त घ्यायचे आणि दुखणे सुरू झाल्यापासून ६ ते १२ तासांनी पुन्हा. तोवर पेशंट खाटेवर, नातेवाईक बाकावर.

मग अतिसंवेदनशील चाचणी आली. लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, इतके ट्रोपोनिनही ती मोजते. पण नुसत्या यंत्राने वेळ वाचत नाही. आकडा ॲटॅक म्हणण्याइतका वर गेला का, हाच प्रश्न डॉक्टर विचारत राहिले. तिथल्या चाचणीत ती मर्यादा पुरुषांसाठी ३४ आणि बायकांसाठी १६ आहे. (दोघांना एकच आकडा लावला की बायकांचे काही ॲटॅक निसटतात, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय.) एडिंबरोच्या निकोलस मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा केला: आकडा किती खाली असला म्हणजे माणसाला निर्धास्त घरी पाठवावे? २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी उत्तर दिले: ५ च्या खाली. त्या आकड्यावर ‘नाही’ म्हटले, तर हजारात ९९६ वेळा ते बरोबर ठरते.

कागदावरचे हे गणित मग स्कॉटलंडच्या ७ रुग्णालयांत ३१,४९२ पेशंटांवर पडताळले गेले. २०२१ साली निकाल छापून आला. रुग्णालयातला सरासरी मुक्काम १०.१ तासांवरून ६.८ तासांवर आला. वॉर्डात दाखल न होता घरी जाणारे शेकडा ५० होते, ते ७१ झाले. घरी गेल्यावर ३० दिवसांत ॲटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू जुन्या पद्धतीत ०.४ टक्के, नव्या पद्धतीत ०.३ टक्के. तरीही सुरक्षिततेची आधी ठरवलेली संख्याशास्त्रीय कसोटी पूर्ण झाली नाही. संशोधकांनी ते स्वच्छ लिहिले, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास अधिक. वर्षभराचे आकडेही नव्या पद्धतीच्याच बाजूचे आहेत, २.७ विरुद्ध १.८ टक्के. मी ही पद्धत वापरावी अशा मताचा आहे.

वापरावी, पण घड्याळ विचारून. दुखणे सुरू होऊन २ तास झालेले नसतील, तर पहिला आकडा कितीही खाली असो, ३ तासांनी रक्त पुन्हा घ्यावेच लागते. ट्रोपोनिन रक्तात पोचायलाच वेळ लागतो ना! आकडा ५ आणि वरच्या मर्यादेच्या मध्ये असेल, तरी तेच. दुसऱ्या वेळी फरक ३ पेक्षा कमी असला तरच ‘नाही’ म्हणायचे. म्हणून डॉक्टरने ‘कधी सुरू झालं?’ असे विचारल्यावर ‘सकाळपासून जरा बरं नाही’ हे उत्तर उपयोगाचे नाही. चहा पिताना, जिना चढताना, झोपेतून उठवून, नेमके कधी, ते सांगा.

आणखी एक. कमी ट्रोपोनिन इतकेच सांगते, की स्नायू आत्ता मरत नाही. धमनी किती अरुंद झाली आहे, हे ती चाचणी पाहतच नाही. त्यामुळे घरी सोडलेल्यांपैकी कुणाला पुढे स्ट्रेस टेस्ट किंवा सीटी अँजिओग्राफी लागते, कुणाला नुसत्या गोळ्या. आणि छाती पुन्हा भरून आली तर परवाचा रिपोर्ट पाहत घरी बसू नका. १०८ ला फोन करा. ईसीजी नवा काढावा लागेल, रक्तही नव्याने घ्यावे लागेल.