यंत्राची नोंदवही



गावच्या नळपाणी योजनेच्या पंपघरात एक वही असते. पंप किती वाजता सुरू झाला, किती वाजता बंद झाला, टाकीत पाणी किती चढले, याची नोंद पंपचालक तीत करतो. ही वही वेळच्या वेळी लिहिली गेली, तर वीज किती खर्ची पडली व पाणी कोठे गेले याचा उलगडा होतो. सायंकाळी एकदम बसून अंदाजाने भरली, तर तिच्यावर विसंबणारा फसतो. मोठ्या कारखान्यांत व जलशुद्धीकरण केंद्रांत हेच काम आज संगणक करतो. साधन बदलले, तरी खरेपणाची अट बदललेली नाही.

पूर्वी यंत्रांचे नियंत्रण शेकडो रिले आणि तारांच्या जुडग्यांनी होत असे. उत्पादनात फेरबदल करावयाचा, तर तारा नव्याने जोडाव्या लागत. 1968 साली अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या एका विभागाने या त्रासावर उपाय मागविला. डिक मॉर्ली व त्यांचे सहकारी यांनी तयार केलेला ‘मॉडिकॉन 084’ हा नियंत्रक त्यानंतर वापरात आला. पीएलसी या नावाने परिचित असलेल्या नियंत्रकांच्या पहिल्या पिढीतील तो होय. यात तारा न बदलता आज्ञावली बदलता येते. जुन्या तारतंत्र्यांना ती सहज वाचता यावी म्हणून शिडीसारख्या आकृतीत लिहिण्याची पद्धत रूढ झाली. अशा आज्ञाभाषांचे आंतरराष्ट्रीय मानक 1993 साली प्रसिद्ध झाले.

आज्ञावली लिहिण्याच्या साधनात तिची चाचणी घेण्याचीही सोय असते. खरा पंप वा झडप न हलवता, टाकी भरली, मापक बंद पडला, वीज गेली, अशा अवस्था संगणकावर निर्माण करून नियंत्रक काय करतो ते पाहता येते. नोंदींची व्यवस्थाही याच वेळी ठरविणे अगत्याचे असते. बिघाड झाल्यावर ती सुचून उपयोग नाही.

नोंदव्यवस्थेत चार गोष्टींकडे विशेष लक्ष पुरवावे लागते. पहिली, नोंदींमधील अंतर. पाच मिनिटांनी एक नोंद होत असेल आणि पंप वीस सेकंदच अडखळत असेल, तर तो दोष वहीत कधीच न येण्याचा संभव असतो. दुसरी, घड्याळ. दोन नियंत्रकांच्या घड्याळांत फरक असल्यास आधी काय घडले व नंतर काय, हे सांगता येत नाही. तिसरी, मापकाची अवस्था. तुटलेल्या मापकाची नोंद ‘शून्य’ अशी झाली, तर भरलेली टाकी रिकामी भासते. म्हणून ‘मापन अविश्वसनीय’ अशी खूण आकड्यासोबत असावी. चौथी गोष्ट, नोंदी वेळेवर वाचणारा जाणता मनुष्य.

या गोष्टींची उपेक्षा झाली म्हणजे काय होते, याचे दुःखद उदाहरण 23 मार्च 2005 रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात घडले. तेथे सुमारे 170 फूट उंचीचा एक मनोरा पुन्हा चालू करताना त्यात तीन तासांहून अधिक काळ द्रव सोडला जात होता. बाहेर मात्र जवळजवळ काहीच काढले जात नव्हते. पातळी मोजणारा मापक मनोऱ्याच्या तळाजवळील पाच फुटांच्या पट्ट्यापुरताच होता. द्रव तापून हलका झाला, तसतसा तो मापक पातळी उतरत असल्याचे दाखवू लागला. द्रव प्रत्यक्षात सुमारे 158 फुटांवर पोहोचला असता पडद्यावर आठ फुटांहून कमी आकडा दिसत होता. उंच पातळीची वेगळी धोक्याची सूचना वाजलीच नाही. आत येणाऱ्या द्रवाचा आकडा एका पडद्यावर, तर बाहेर जाणाऱ्याचा दुसऱ्या पडद्यावर होता. दोहोंची वजाबाकी कोठेच दाखविली जात नव्हती. अखेर द्रव उसळून बाहेर पडला, स्फोट झाला, 15 जण मृत्युमुखी पडले आणि सुमारे 180 जण जखमी झाले. पुढे चौकशीत संगणकातील नोंदींवरूनच घटनाक्रम जुळविता आला. जी वजाबाकी नंतर कागदावर मांडली गेली, ती त्या दुपारी पडद्यावर असती, तर मनोरा भरत चालल्याचे वेळीच ध्यानात येऊ शकले असते.

हाच हिशेब गावच्या टाकीलाही लागू पडतो. रात्री दोन वाजता पंप बंद असतो आणि नळांवर कोणी नसते. तरीही टाकीची पातळी रोज त्याच वेळी उतरत असेल, तर जलवाहिनी कोठेतरी गळत असल्याचा तो संकेत होय. हे ओळखण्यास मोठे यंत्र लागत नाही; खऱ्या नोंदी आणि एक वजाबाकी पुरते. शिक्षकांनी शाळेतील मुलांकडून टाकीच्या पातळीचा आलेख काढून घेतला, तर गणिताचा पाठ होईल आणि गावाचे पाणीही वाचेल. अधिकाऱ्यांनी नवी यंत्रणा स्वीकारताना तिची किंमत व शक्ती यांबरोबरच तिच्या नोंदी रोज कोण वाचणार, याचे उत्तर लेखी मागावे. यंत्र नोंद ठेवील. तिचा अर्थ लावून वेळीच झडप बंद करणे हे माणसाचे काम आहे.