भुतांचा बाजार आणि नायगावची सरजा
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा : 'व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रजी काव्य : स्त्री, मोह आणि भगिनीभाव'. एवढे लांबलचक नाव ऐकून काहीजणींनी विणकाम बरोबर आणलेले मला येथून दिसत आहे. विणकाम चालू द्या. मी एकच कविता सांगणार आहे, आणि मग तुम्हाला लंडनहून नीरेच्या खोऱ्यात परत आणणार आहे.

कविता क्रिस्टिना रोझेटी या बाईंची. नाव 'गॉब्लिन मार्केट', म्हणजे आपल्या भाषेत भुतांचा बाजार. १८६२ साली ती पुस्तकात आली. लॉरा आणि लिझी या दोघी बहिणी. गाई दोहाव्यात, लोणी काढावे, कणीक मळावी, असे त्यांचे साधे घर. तिन्हीसांजेला ओढ्याकाठी विचित्र तोंडांचे बुटके फळवाले येतात, कोणाचे तोंड मांजराचे तर कोणाला शेपटी, आणि फळे घ्या म्हणून ओरडतात. सगळ्या ऋतूंची फळे एकदम पिकलेली! आपल्या आठवडी बाजारात कोणी अशी टोपली मांडली तर आपण आधी नाक लावून बघू. लिझी कानात बोटे घालून घरी पळते. लॉरा थांबते. हाती पैसा नाही, म्हणून सोनेरी केसांची एक बट कापून देते आणि पोटभर फळे खाते.

पुढची कल्पना मला फार खरी वाटते. दुसऱ्या दिवसापासून लॉराला त्या फळवाल्यांची हाक ऐकूच येत नाही. लिझीला येते, हिला नाही. एकदा गिऱ्हाईक झाले की त्यांचे काम झाले. लॉरा झुरते, केस पिकतात, अन्न जात नाही. जीनी नावाची आणखी एक मुलगी अशीच झुरून मेलेली असते. तेव्हा लिझी पदरी पैसा घेऊन ओढ्यावर जाते. मी येथे बसून खाणार नाही, फळे बांधून द्या, असे म्हणते. ते चिडतात, तिला मारतात, तिच्या तोंडावर फळे चिरडतात. ती ओठ उघडत नाही. शेवटी ते तिचा पैसा फेकून देऊन पळतात, आणि ती चेहऱ्यावरच्या रसासकट धावत घरी येते. तोच रस लॉराला आता कडूजहर लागतो, रात्रभर ती तळमळते आणि सकाळी बरी होऊन उठते. पुढे दोघींचे संसार होतात आणि त्या आपल्या मुलांना ही गोष्ट सांगतात.

ही गोष्ट पोरांच्या पुस्तकात शोभावी अशी आहे खरी, परंतु त्या काळच्या इतर कविता शेजारी ठेवून पाहा. टॉमस हूडची १८४४ सालची एक प्रसिद्ध कविता आहे. तीत अशी मुलगी पुलावरून उडी टाकून मरते, आणि मग कवीला तिची दया येते. टेनिसनने १८५९ साली राणी ग्विनिव्हिअरला राजाच्या पायाशी जमिनीवर लोळविले. राजा तिला क्षमा करून निघून जातो आणि ती मठातच राहते. चुकलेल्या बाईने मरावे किंवा मठात बसावे, मग तिच्यासाठी रडावयास हरकत नाही, अशी एकंदर रीत. क्रिस्टिनाबाईंनी लॉराला जगविले, तिला संसार दिला, आणि वाचविणारा कोणी राजा न आणता बहीण आणली. याचे कारणही सापडते. १८५९ पासून त्या लंडनच्या हायगेट भागात अशा स्त्रियांसाठी असलेल्या एका आश्रमात स्वयंसेविका म्हणून जात असत. त्यांना लॉरा माहीत होती.

क्रिस्टिनाबाई जन्मल्या ५ डिसेंबर १८३० रोजी. त्यानंतर बरोबर एकोणतीस दिवसांनी, ३ जानेवारी १८३१ रोजी, खंडाळा तालुक्यातील नायगावी सावित्रीबाई जन्मल्या. ह्याही कवयित्री, 'काव्यफुले' हा त्यांचा संग्रह १८५४ चा, म्हणजे भुतांच्या बाजाराच्या आठ वर्षे आधीचा. ह्या दोघींना एकमेकींचे नावही ठाऊक असण्याचे कारण नाही. पण १८६२ साली तिकडे लिझी ओढ्यावर गेली आणि १८६३ साली इकडे पुण्यात सावित्रीबाई व जोतीराव यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ही तारखांची जवळीक मला चटका लावते.

ते का काढले, हे जोतीरावांनी १८८४ साली मलबारींच्या टिपणावर मत देताना सांगितले आहे. त्यांच्या स्नेह्याच्या घरी काशीबाई नावाची तरुण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला नादी लावले. तिला दिवस गेले, औषधे घेऊन काही झाले नाही, आणि बाळंत झाल्यावर अब्रूच्या भीतीने तिने मूल मारून विहिरीत टाकले. खटला झाला, जन्मठेप झाली, काशीबाई अंदमानात गेली. शास्त्रीबुवा कोठे गेले? क्रिस्टिनाबाईंच्या कवितेतही ते फळवाले शेवटी जमिनीत आणि ओढ्यात गडप होतात, त्यांना कोणी जाब विचारीत नाही. मला कवितेतील ही एक मोठी उणीव वाटते. जाब विचारला तो आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अशाच गुन्ह्याबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे ती कमी झाली; त्यावर वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीला जे उपदेश सुरू झाले त्यांना ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून उत्तर दिले. त्या पुस्तकात सगळे फळवाले टोपल्यांसकट उघडे पडले आहेत.

पुण्याच्या गृहात १८८४ पर्यंत पस्तीस विधवा येऊन बाळंत झाल्या. जोतीराव जाहिराती लावू शकत होते. पण बाळंतपण काढणे, शेक-शेगडी, रडणारे मूल रात्री घेऊन फिरणे हे काम कोणाचे, ते या सभेला सांगणे नकोच. त्यांतल्याच एका विधवेचा मुलगा या दोघांनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. आपल्या पंढरपुरासही १८७५ साली लालशंकर उमियाशंकर आणि प्रार्थना समाजाची मंडळी यांनी असाच आश्रम काढला. यात्रेच्या निमित्ताने तेथे कोणाकोणाला आणून सोडीत, हे जुन्या बायकांना ठाऊक होते. अकलुजावरून तुकोबांची पालखी त्याच वाटेने जाते.

आता ती सरजा. २९ ऑगस्ट १८६८ रोजी सावित्रीबाईंनी माहेरून, नायगावाहून, जोतीरावांना पत्र लिहिले. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण पंचांग सांगत गावोगाव हिंडे. त्याचे आणि सरजा नावाच्या महार मुलीचे प्रेम जमले, तिला सहावा महिना लागला. गावकऱ्यांनी दोघांना पकडून मारीत, वाजतगाजत गावातून चालविले, आणि आता यांना ठार करणार असे झाले. सावित्रीबाई धावत गेल्या. जमावापुढे उभ्या राहिल्या. इंग्रजांच्या कायद्यात खुनाची शिक्षा काय आहे, ते त्यांनी लोकांना ऐकविले. सरजावर दया करा, अशी भाषा त्यांनी वापरली नाही. ती त्या जमावावर चालली नसती. दोघांनी गाव सोडावे यावर तडजोड झाली, आणि त्यांना जोतीरावांकडे पुण्यास पाठवून दिले.

लिझीपाशी चांदीचा एक पैसा होता, सावित्रीबाईंपाशी कायद्याचे एक कलम. सरजा त्यांची सख्खी बहीण नव्हती, जातीची नव्हती. पत्रात तिच्या चुकीबद्दल एकही वाक्य नाही. मी ते दोनदा तपासून पाहिले.

असेच आणखी एक पत्र आहे, १० ऑक्टोबर १८५६ चे. सावित्रीबाई तेव्हा आजारपणामुळे माहेरी होत्या. शाळेचा सगळा भार एकट्या फातिमावर पडला असेल याची त्यांना काळजी लागलेली दिसते, आणि ती कुरकुर करणार नाही याची खात्रीही. फातिमा शेख म्हणजे त्यांच्याबरोबरीने शिकविणारी मैत्रीण. ओळी दोनच आहेत.

ही पत्रे राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली काढलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' या ग्रंथात आहेत, डॉ. मा. गो. माळी यांनी ते संपादिले आहे. माझी प्रत मी मंडळाच्या कपाटात ठेवून जात आहे. पत्रे लहान आहेत, दुपारच्या चहाला दूध तापेपर्यंत एक वाचून होते.