डब्यात न येणारी चव
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'खाण्यासाठी भटकंती'. आपल्या ग्रुपवर माझे फोटो पाहून "आम्हालाही ने" असं तुम्हीच म्हणत आला आहात. म्हणून आज नुसतं वर्णन करून थांबणार नाही, एक प्रस्तावही मांडणार आहे. पुढचा मेळावा कुठे करायचा ते दुपारी ठरणार आहे. जेवण झाल्यावर निम्मे लोक पेंगतील, तेव्हा आत्ताच बोलून घेते.

पुण्यात बसून आता काय मिळत नाही? डिसेंबरात कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भीमथडी जत्रा भरते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची ही जत्रा. गावोगावच्या बचत गटांतल्या बायका येऊन आपल्या हातचं खाऊ घालतात. खापरावरचे मांडे समोर होताना बघायला मिळतात. मी दरवर्षी जाते, तुम्हीही जा. पण कागदी ताटली घेऊन रांगेत उभं राहिलं की एक गोष्ट हमखास मनात येते. काही पदार्थ शहरात येतात आणि काही येतच नाहीत. त्यांच्याकडे आपल्यालाच जावं लागतं.

हुरड्याचंच घ्या. ज्वारीचा दाणा चिकात असतो ते मोजके दिवस हुरड्याचे. त्यानंतर दाणा टणक होतो आणि गोडी जाते. कणीस खुडलं की तेही तासागणिक उतरत जातं. म्हणून आगटी शेतातच पेटवायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, हात भाजत असतानाच ती चोळायची आणि दाणे तिथल्या तिथे तोंडात टाकायचे. सोबत लसणाची चटणी, गूळ, दही. गुळभेंडी आणि सुरती ही खास हुरड्याची वाणं. घरी आणून तव्यावर परतलेला हुरडा मी खाल्लाय. पोट भरतं, एवढंच.

आता शहराबाहेरच्या प्रत्येक रस्त्यावर 'हुरडा पार्टी'च्या पाट्या दिसतात. हुरड्यासोबत रेन डान्स ही कल्पना कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली कोण जाणे! पण मी नाक मुरडत नाही. राज्यातलं ज्वारीचं क्षेत्र गेल्या काही दशकांत फार घटलं आहे. उपटायला मजूर मिळत नाहीत, पाखरं राखायला माणूस नाही, आणि पाणी आलं की शेतात ऊस येतो. एका शेतकऱ्याने मला सांगितलं, "ताई, धान्यापेक्षा हुरड्याचे पैसे बरे होतात, म्हणून तर हा तुकडा राखलाय." आपण खायला गेलो म्हणून ते पीक तिथे उभं होतं, हे मला तेव्हा कळलं.

खानदेशातल्या भरिताचंही तसंच. जळगावकडची ती मोठी, हिरवी वांगी कपाशीच्या काट्यांवर भाजतात. चव त्या धुरात असते. चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात भरीत होऊन येतं, तेव्हापासून पुढे थंडीभर शेतात भरिताच्या पंगती चालू. गॅसवर जाळी ठेवून करणाऱ्यांनी त्याला भरीत म्हणावं, माझी हरकत नाही. जळगावकरांची असेल.

कोकणात मालवण तालुक्यात आंगणेवाडीची भराडी देवी आहे. तिच्या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. त्या दिवशी नैवेद्य रांधताना घरातल्या बायका एक शब्द बोलत नाहीत. आपल्या वर्गातल्या मुलींना हे जमेल का, असं बाई आत्ता मनात म्हणत असतील.

आणि हे फक्त आपल्याकडेच असतं असंही नाही. लेकीकडे गेले होते तेव्हा कॅलिफोर्नियात गिलरॉय नावाच्या गावी लसणाची जत्रा पाहिली. १९७९ साली सुरू झालेली. लसणाचं आइस्क्रीमही खाल्लं, एकदा पुरे. पण मला भावलं ते वेगळंच. गावातली माणसं बिनपगारी राबत होती आणि जमलेला पैसा गावातल्याच संस्थांना जात होता. पुढे २०१९ साली तिथे गोळीबार झाला, मग महासाथ आली, मग विम्याचा खर्च झेपेना. काही वर्षं ती जत्रा भरलीच नाही. चाळीस वर्षांची जत्राही अशी थांबू शकते.

आता प्रस्ताव. जुन्नर तालुक्यात आळेफाट्याच्या पुढे, नगरच्या रस्त्याला आणे घाट चढून गेलं की आणे गाव लागतं. तिथे थंडीत रंगदास स्वामींची यात्रा भरते. तिथीप्रमाणे भरते, म्हणून तारीख दरवर्षी बदलते. प्रसाद काय, तर आमटी आणि भाकरी. मोठमोठ्या कढयांत आमटी उकळत असते आणि भाकरी येतात पंचक्रोशीतल्या घराघरांतून. लाखभर माणसांना पुरेल एवढ्या भाकरी एका भटारखान्यात होणंच शक्य नाही. कुठल्या चुलीवरची भाकरी आपल्या वाट्याला आली हे कधीच कळत नाही. एक जाड, एक कडेला करपलेली, एक अशी पातळ की करणारीला नमस्कार करावा. त्यावर झणझणीत आमटी. नाकाडोळ्यांतून पाणी येतं आणि शेजारी बसलेला अनोळखी माणूस न विचारता पाण्याचा तांब्या पुढे करतो.

मला ठाऊक आहे, रिसॉर्ट सोपं आहे. एसी हॉल, ताटामागे ठरलेला दर, खुर्च्यांना कव्हरं. आणि आपले सर-बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्या गर्दीत त्यांना मांडी घालून बसवायचं का, हा प्रश्न मलाही पडला. त्यावर माझं म्हणणं असं: गर्दी वाढण्याआधी सकाळी लवकर पोहोचायचं, दोन गाड्या फक्त गुरुजनांसाठी ठेवायच्या, घडीच्या खुर्च्या बरोबर न्यायच्या. तरीही सर नको म्हणाले, तर हा प्रस्ताव मी इथेच मागे घेते. त्यांना घरी ठेवून मेळावा करण्यात मला रस नाही.

आणि गेलो तर रिकाम्या हाताने जायचं नाही. गावातल्या लोकांना आधी विचारून घेऊ आणि माणशी पाच भाकरी आपल्या घेऊन जाऊ. मुलांनी सुद्धा, हो, तुम्हीच, मागच्या रांगेत हसताय ते. बाजरीचं पीठ आदल्या दिवशी दळून आणायचं, कपाटातलं महिन्याचं चालणार नाही, ते कडू होतं. ज्यांना थापता येत नाही त्यांनी आदल्या रविवारी माझ्या घरी यावं. परात आणि तवा माझा, पीठ आपापलं.