डॉक्टर होणाऱ्या आमच्या लेकरांचं मन



पोरांनी शिकावं, असं या मंचावरून पुष्कळदा बोललं जातं. पण शिकताना पोराच्या मनावर काय बेततं, हे सहसा कुणी बोलत नाही. म्हणून आज आम्ही कोरोनाच्या काळातली डॉक्टरकीची मुलं हा विषय घेतला आहे.

भारतातला पहिला कोरोना रुग्ण कोण, ठाऊक आहे? ३० जानेवारी २०२० रोजी केरळात सापडलेली, वुहानहून परतलेली एक वैद्यकीय विद्यार्थिनी. म्हणजे या रोगाची आपल्या देशातली गोष्टच डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीपासून सुरू होते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. कॉलेजं बंद, वसतिगृहं रिकामी. शरीररचना शिकायची ती मोबाइलवर. ज्याच्या घरी दहा बाय बाराची खोली, सहा माणसं आणि एकच मोबाइल, त्यानं अभ्यास करायचा कुठं? नाडी धरायला रोगीच समोर नाही. आपण खरे डॉक्टर होणार की नुसते कागदावरचे, ही धास्ती मुलांच्या मनात बसली.

इंटर्न आणि निवासी डॉक्टरांची तऱ्हा उलटी. पीपीई किट अंगावर चढवून तासन्‌तास उभं राहायचं. पाणी नाही, लघवीला जाणं नाही. चोविशी-पंचविशीतल्या पोरांनी नातेवाइकांना फोनवरून मृत्यू कळवायचे. घरी यावं तर म्हातारी आजी आहे, तिला रोग लागेल ही भीती. २२ मार्च २०२० ला लोकांनी थाळ्या वाजवल्या, आणि पुढं काही ठिकाणी डॉक्टरांनाच भाड्याची खोली सोडायला सांगितलं. अखेर २२ एप्रिलला वटहुकूम काढून आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद ठेवावी लागली.

त्यात परीक्षेचा घोळ. ३ मे २०२१ ला सरकारनं पदव्युत्तर नीट परीक्षा निदान चार महिने पुढं ढकलली. ती ११ सप्टेंबरला झाली आणि प्रवेशफेरी सुरू झाली १२ जानेवारी २०२२ ला. नवी तुकडी आली नाही, म्हणून तिचं काम जुन्या पोरांच्या खांद्यावर पडलं. पुढचं काहीच दिसत नसताना रोज राबायचं, यानं भलाभला माणूस खचतो.

आम्ही गिरणीत रात्रपाळ्या केल्या. पेंगणारा साचेवाला बोट गमावतो. मग पेंगणाऱ्या डॉक्टरच्या हाती रोग्याचं काय होईल? गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळं. १९४८ च्या कारखाने कायद्यानं आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटानं २०२४ साली निवासी डॉक्टरांसाठी शिफारस केली, ती जास्तीत जास्त ७४ तासांची! त्याच कृतिगटाच्या पाहणीत एमबीबीएसच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं. साथ ओसरली, दुखणं राहिलं. तेव्हा हा एकट्या पोराच्या कमकुवत मनाचा प्रश्न नाही. कामाचे तास, झोप आणि सुट्टी, हा हक्काचा प्रश्न आहे. तो संघटनेनंच सुटेल.

पण घरानंही काही करायचं असतं. पोर सुट्टीला आलं की ‘मार्क किती?’ हा पहिला प्रश्न नको. ‘झोप होते का? कुणी त्रास देतं का?’ असं विचारा. ‘अख्ख्या वस्तीचं नाव तुझ्यावर आहे’ हे ओझं त्याच्या डोक्यावर देऊ नका. पोर जेवत नाही, झोपत नाही, माणसांत बसत नाही, ‘जगून काय करायचं’ असं बोलतं, तर त्याला एकटं सोडू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. ताप आल्यावर दवाखान्यात जायला आपण लाजतो काय? तसंच हे. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरावर रात्रंदिवस फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. हा नंबर घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

वर्ष वाया गेलं तर पुन्हा भरून काढता येतं. पोर गेलं तर ते कुठून आणायचं? एवढं ध्यानात ठेवा, ही विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. जयभीम.