पेवातली ज्वारी

बीडसारख्या ज्वारीच्या मुलखात पूर्वी जमिनीतल्या पेवात धान्य ठेवीत. पेव उघडले की जाणती माणसे लगेच आत उतरत नसत. आधी कंदील दोरीने खाली सोडीत. तो विझला तर म्हणत, ‘थांबा, आतली हवा खराब आहे.’

ही हवा खराब कोणी केली? ज्वारीनेच, बरं का!

वाळलेला दाणा मेलेला नसतो. पेरला की उगवतो, हीच त्याची साक्ष. जिवंत आहे तोवर त्याच्या पेशींना शक्ती लागते. दाण्यातल्या पिठाची साखर होते आणि पेशी ती प्राणवायूच्या मदतीने मोडतात. चुलीत लाकूड भडकते तसे हे नव्हे. इथे काम पायरीपायरीने चालते. मोठी नोट मोडून बाजारात सुटे पैसे घ्यावेत, तशी साखरेतली शक्ती ‘एटीपी’ नावाच्या द्रव्यात सुटी होऊन येते. ग्लुकोजच्या एका रेणूमागे असे सुमारे ३० रेणू मिळतात. प्राणवायू नसेल तर अवघे २! उरलेली शक्ती उष्णता होऊन जाते. ओलसर धान्याच्या राशीत हात घाला, ऊब लागेल. कोरड्या दाण्याचे श्वसन संथ, ओल्याचे जोरात.

या कामात कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. बंद पेवात प्राणवायू सरत जातो आणि हा जड वायू तळाशी साचतो. त्याने किडेही मरतात, म्हणून तर पेवातले धान्य टिके.

पण उतरणाऱ्या माणसाच्या पेशींनाही तोच प्राणवायू हवा. मेंदूजवळ त्याचा साठा नसतो. हाक मारायच्या आत माणूस कोसळतो. त्याला काढायला भाऊ उडी घेतो, तोही पडतो. म्हणून पेव असो की जुनी पडीक विहीर, कंदील जळत राहिला तरी पुरता भरवसा धरू नका. आत कोणी पडले तर मागोमाग उतरू नका. श्वसनाची साधने असलेल्या बचाव पथकाला बोलवा.

गुरुजींनी शाळेत एक करावे. एका बरणीत मोड आलेली मटकी, दुसरीत उकडून गार केलेली. दोन्हींत चुन्याच्या निवळीची एकेक वाटी ठेवून झाकणे घट्ट लावावीत. सकाळी मोडाच्या मटकीजवळची निवळी दुधाळ दिसेल. मग दुसरी तशी का झाली नाही, हे मुलांनाच विचारावे.