वावरातली हरळी, गोल्फची हिरवळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझा भाचा दुबईत असतो. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेतली, काही वर्षं खतांच्या दुकानात काढली आणि मग तिकडे एका गोल्फच्या मैदानावर देखरेखीच्या कामाला लागला. मागच्या ईदला घरी आला होता. शिरखुर्म्याची वाटी हातात देत मी विचारलं, "तुझं तिकडे नेमकं काम काय?" तर म्हणाला, "मामू, नानांनी जन्मभर जी उपटली ना, ती आम्ही लावतो. हरळी!"

घरात हशा पिकला. मला मात्र अब्बांचे हात आठवले. तापीकाठची काळी जमीन ज्यांनी कसली आहे, त्यांना हरळी काय चीज आहे हे सांगायला नको. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळं तापू द्यायची, मग वाकून वाकून हरळीच्या काशा वेचायच्या, बांधावर ढीग रचायचा आणि पेटवून द्यायचा. काशीचा बोटभर तुकडा मातीत राहिला तरी पहिल्या पावसात तो डोकं वर काढतो. आखाजीला सालदार बदलले, बैल बदलले, वावराची वाटणी झाली, हरळी तिथंच. आमचे एक म्हातारे सालदार हसत म्हणायचे, "हराळी कधी मरस का, भाऊ?"

तिच्याविषयी राग होता, तसा मानही होता. गणपतीच्या दिवसांत शेजारची मुलं दूर्वांसाठी आमच्याच बांधावर यायची. दूर्वा म्हणजे हीच. अब्बांच्या कबरीवरही तीच उगवली आहे, आणि तिथून ती काढावी असं आम्हा भावांपैकी कुणालाही वाटलं नाही.

आता गोल्फचं सांगतो. मी तो खेळलेलो नाही. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर मी सभा ऐकल्या आहेत, मोर्चे उतरलेले पाहिले आहेत; गोल्फ काही दिसला नाही. पण भाच्यानं समजावलं ते असं. चेंडू ज्या भोकात घालायचा, त्याच्या भोवतालचा तुकडा कॅरमच्या बोर्डासारखा गुळगुळीत लागतो. तिथलं गवत जवळजवळ रोज कापतात, उंची ठेवतात तीन ते पाच मिलिमीटर. इतकं खाली कापलं की बहुतेक गवतं मरतात. हरळी मरत नाही. उलट आडवी पसरून दाट होते. ज्या गुणासाठी आपण तिला शिव्या देतो, त्याच गुणासाठी तिकडे तिला पगारी माणसं ठेवून सांभाळतात. अडचण एवढीच की साधी हरळी जरा जाडीभरडी, आणि तिला तुरे येतात. तुऱ्यांमुळे चेंडू अडखळतो.

ही अडचण ज्यांनी सोडवली त्यांचं नाव ग्लेन बर्टन. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध फुलांच्या उपमांपुरता. पण या माणसाविषयी वाचायला घेतलं आणि वाचतच गेलो. बर्टन १९१० साली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मले. १९३६ साली ते दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यात, टिफ्टन या गावच्या संशोधन केंद्रावर रुजू झाले. तो मुलूख कपाशीचा, आपल्या खानदेशासारखाच. आणि तिथल्या कपाशीवाल्यांचा पहिला वैरी कोण, तर हरळी! तिकडे तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात. बर्टन यांनी तिचीच पैदास हाती घेतली. १९४३ साली त्यांनी गुरांच्या चाऱ्यासाठी 'कोस्टल' नावाची हरळी दिली. तिच्या आईबापांपैकी एक झाड कपाशीच्या जुन्या वावरात सापडलेलं होतं.

पुढे अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं थोडे पैसे देऊन त्यांना हिरवळीच्या हरळीकडे वळवलं. त्यांनी एका गोल्फ क्लबवरची बारीक पानांची हरळी घेतली आणि दक्षिण आफ्रिकेतल्या तिच्या केसासारख्या नाजूक बहिणीशी तिचा संकर केला. १९५६ साली 'टिफग्रीन' आली, १९६० साली 'टिफवे'. पुढे टिफग्रीनच्या हिरवळीत मधेच बुटक्या गवताचे ठिपके दिसू लागले. आपोआप झालेला तो बदल वेगळा वाढवला, ती १९६५ ची 'टिफड्वार्फ'. उष्ण प्रदेशातली कितीतरी गोल्फची मैदानं आजही या घराण्यावर उभी आहेत.

या संकरित हरळीला बी धरत नाही. ती वांझ आहे. साध्या हरळीत गुणसूत्रांचे चार संच, आफ्रिकेच्या बहिणीत दोन. लेकीत आले तीन. तिनाची जोडी लागत नाही, म्हणून बी नाही. ती काशांचे तुकडे रोवूनच वाढवावी लागते. हे ऐकून चमकायचं कारण नाही, कारण रावेर-यावलच्या आपल्या केळीचं गणित हेच आहे. तिच्यातही तीन संच, म्हणून बी नाही, म्हणून आपण मुनवे लावत आलो आणि आता टिश्यू कल्चरची रोपं लावतो. सगळी बाग एकाच झाडाची नक्कल. घड एकसारखे, काढणी एका वेळी, व्यापारी खूश. पण रोग आला की तोही सगळ्यांना एकसारखाच लागतो. सीएमव्ही विषाणूनं अलीकडे या भागात ज्यांना बागा उपटून टाकाव्या लागल्या, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

बर्टन हरळीपाशी थांबले असते तर मी हे भाषण केलं नसतं. त्याच टिफ्टनमध्ये, त्याच माणसानं बाजरीवरही काम केलं. तिकडे बाजरी माणसं खात नाहीत. गुरांना हिरवी वैरण म्हणून घालतात. बाजरीच्या एकाच फुलात स्त्री आणि पुरुष दोन्ही असतात, त्यामुळे संकर करायचा तर एकेक कणीस हातानं सांभाळावं लागतं. लाखो एकरांचं बियाणं असं तयार होत नाही. बर्टन यांना परागच न येणारी बाजरी मिळाली. तिच्या ओळींशेजारी दुसऱ्या वाणाच्या ओळी पेरा, वारा काम करतो. तिच्या कणसात जो दाणा भरेल तो संकरितच. या बाजरीचं नाव 'टिफ्ट २३ ए'. ती भारतात आली, आणि १९६५ साली लुधियानाच्या कृषी विद्यापीठात दिलबागसिंग अठवाल यांनी तिच्यापासून देशातली पहिली संकरित बाजरी काढली, एचबी-१. ज्या हातांनी गोल्फची हिरवळ घडवली, त्याच हातांचं बियाणं अशा वाटेनं आपल्या भाकरीत आलं. देशातलं बाजरीचं उत्पादन पस्तीस-चाळीस लाख टनांवरून १९७०-७१ साली ८० लाख टनांवर गेलं. त्यात चांगल्या पावसाचाही वाटा होता.

अब्बा सांगायचे, संकरित बाजरीची पहिली पिशवी घरी आली तेव्हा आजोबांनी ती हातात घेऊन वजन केल्यासारखी हलवून पाहिली. तोवर बियाणं विकत आणायची चाल नव्हती. खळ्यावर भरदार कणसं बाजूला काढायची, दाणे राखेत कालवून मडक्यात भरायचे. पहिल्या वर्षी पीक असं आलं की गावच्या गावं पिशवीवर गेली. आजोबांचं मडकं एक-दोन वर्षं भरलं गेलं, मग दादीनं त्यात तूरडाळ ठेवायला सुरुवात केली.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. पाऊस बरा होता, बाजरी निसवायच्या बेतात होती. आणि कणसांच्या जागी पानांच्या जटा फुटल्या. गोसावी रोग. नाव ज्यानं ठेवलं त्याला सलाम. वावरात शेकडो गोसावी जटा वाढवून उभे राहावेत तसं दिसतं, आणि दाणा एक नाही. सुरुवातीच्या सगळ्या संकरित वाणांची आई एकच होती, टिफ्ट २३ ए. टिफ्टनच्या शेतात या रोगाशी तिची कधी गाठच पडली नव्हती. त्याला तोंड द्यायला ती शिकणार कुठून? इथं तर रोगाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. देशाचं उत्पादन काही वर्षांतच निम्म्याखाली घसरलं. त्यात दुष्काळही होता, हे खरं. पण आमच्या वावरात तो नव्हता.

मी तेव्हा लहान होतो, मला त्यातलं काही आठवत नाही. अम्मीला आठवतं ते वेगळंच. आजोबा गावभर फिरले. जुन्या बाजरीचं पायलीभर बियाणं कुणाकडे आहे का, म्हणून विचारत फिरले. कुणाकडेच नव्हतं.

दोष बर्टन यांना देता येणार नाही. अठवाल यांनाही नाही. देश त्या वर्षांत परदेशी गव्हावर जगत होता. त्यांनी दिलेलं बियाणं चांगलंच होतं. चुकलं ते एवढंच, की आपण सगळ्यांनी तेच पेरलं आणि हातचं घालवून बसलो. शास्त्रज्ञांनी पुढे वाट काढली. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत त्या आईच्याच घराण्यातल्या बियाण्यावर गामा किरणांचा मारा करून रोगाला दाद न देणारी बाजरी निवडली. तिकडे टिफ्टनमध्येही हरळीवर हाच प्रयोग चालू होता.

गोल्फवाल्यांची पुढची काळजी पाण्याची. भाचा सांगतो, दुबईत शुद्ध केलेलं सांडपाणी मैदानाला फिरवतात. अमेरिकेत गोल्फ संघटनेनं ऐंशीच्या दशकात नेब्रास्का विद्यापीठाला हाताशी धरून वेगळा शोध सुरू केला, आपल्याच कोरड्या माळावरच्या बफेलो ग्रासचा. नाव म्हशीचं वाटतं, पण तिकडचा बफेलो म्हणजे केसाळ रानगवा. त्याचे कळप या गवतावर पोसले. बर्टन ज्या राज्यात जन्मले तिथलंच हे गवत. कमी पाण्यात, कमी खतात निभावतं. त्यात नर आणि मादी झाडं वेगळी. नराचे तुरे वर येऊन हिरवळ विद्रूप करतात, म्हणून '६०९' नावाचा जो वाण काढला तो मादी झाडाचाच. हरळीइतकं खाली कापलेलं त्याला सोसत नाही, त्यामुळे भोकाभोवती नाही, बाजूच्या मोठ्या पट्ट्यांत ते चालतं. आपल्या साक्री-शिंदखेड्याच्या माळांवर मारवेल आहे, पवन्या आहे. ती गुरांनाच पुरत नाहीत, हे मला कळतं. पण आपल्या शहरांतल्या बागांना टँकरनं पाणी घालून हिरवळ जगवताना पाहिलं की ती नावं आठवतात.

बाजरीचं काम आता धुळ्यातच चालतं. 'धनशक्ती' हा लोह जास्त असलेला वाण इक्रिसॅट आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं मिळून दिला. २०१२ साली तो महाराष्ट्रात आला. तो संकरित नाही. म्हणजे त्याचं बियाणं घरी धरता येतं. अट एकच: बाजरीचे पराग वाऱ्यावर उडतात, म्हणून शेजारच्या संकरित बाजरीपासून लांबची, वावराच्या मधली कणसं बियाण्याला निवडायची, आणि तीन-चार वर्षांनी बी बदलायचं.

माझ्या धाकट्या भावानं मागच्या खरिपात अर्धा एकर धनशक्ती पेरली. बाकी वावरात कापूस आणि मका आहे. घर चालतं ते त्यांच्यावर. पायलीभर बी अम्मीनं राखेत कालवून ठेवलंय, मडक्यात नाही, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात. त्या अर्ध्या एकराच्या उगवतीच्या बांधाला हरळी चांगली माजली आहे. आखाजीच्या आधी काशा वेचायला हव्यात. भाच्याला फोन केला होता. सुटी मिळाली तर येतो म्हणाला.